कीटो, चिंतेची गोळी आणि दर मंगळवारची धडधड

उठून उभं राहिलं की डोळ्यांसमोर अंधारी. दुपारनंतर डोकं जड, मळमळ. रात्री पोटरीत गोळा येऊन झोपमोड. जिना चढताना, कधी तर नुसतं बसल्या बसल्या छातीत धडधड, मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा. हातांना बारीक थरथर, तोंड कोरडं, पोट साफ नाही, कामात लक्ष नाही. आणि या सगळ्याच्या वर एक भीती: माझी चिंता परत आली, गोळी लागू पडेनाशी झाली.

मी नाशिकला आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. ही तक्रार घेऊन आलेली माणसं मी इतक्या वेळा पाहिली आहेत की पहिल्या पाच मिनिटांत मी दोनच प्रश्न विचारते. पोळी-भात बंद करून किती दिवस झाले? आणि रोज कोणती गोळी चालू आहे? उत्तर बहुधा ठरलेलं असतं. कीटो, म्हणजे कर्बोदकं जवळजवळ बंद करून तेल-तुपावर भर देणारा आहार, सुरू होऊन आठवडा ते महिना, आणि गोळी एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन किंवा ड्युलॉक्सेटिन यांपैकी एक. सोबत पुष्कळदा क्लोनाझेपाम, इटिझोलाम किंवा प्रोप्रानोलॉल.

येईपर्यंत घरी दोनपैकी एक उपाय करून झालेला असतो. कुणी स्वतःहून अर्धी गोळी वाढवलेली असते. कुणी कुठेतरी वाचून पाणी चार लिटरवर नेलेलं असतं आणि वर मीठही वाढवलेलं असतं. दुसऱ्या उपायाची मला जास्त काळजी वाटते, म्हणून आधी त्यामागचं कारण सांगते.

सोडियम दोन वाटांनी कमी होतं

कर्बोदकं दिवसाला २० ते ५० ग्रॅमवर आली की शरीरातलं इन्सुलिन उतरतं. इन्सुलिनचं एक काम म्हणजे मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायला सांगणं. तो निरोप थांबला की लघवीवाटे सोडियम जायला लागतं आणि त्याच्यासोबत पाणी. शिवाय यकृतात आणि स्नायूंत ४०० ते ५०० ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठवलेलं असतं. त्याच्या प्रत्येक ग्रॅमला साधारण तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. तो साठा संपला की ते पाणीही निघून जातं. पहिल्याच आठवड्यात वजन दीड-दोन किलो उतरतं आणि घरात आनंद होतो, पण त्यात चरबी थोडी आणि पाणीच जास्त असतं. चरबी जळताना तयार होणारे कीटोनही लघवीतून बाहेर पडताना सोडियम-पोटॅशियम सोबत नेतात. ही पहिली वाट. इथे मीठही गेलेलं असतं, पाणीही गेलेलं असतं.

दुसरी वाट गोळीची आहे. वरच्या यादीतल्या एस्सिटालोप्रॅम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन (एसएसआरआय गट) आणि व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलॉक्सेटिन (एसएनआरआय गट) या मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणाऱ्या गोळ्यांनी काही जणांच्या शरीरात पाणी रोखणारं संप्रेरक नको तेव्हा जास्त स्रवतं. मग मूत्रपिंड पाणी सोडत नाही, रक्त पातळ होतं, आणि त्यातलं सोडियम तेवढंच असूनही प्रमाणात कमी भरतं. हे सहसा गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या दोन ते चार आठवड्यांत होतं. साठीच्या पुढे, स्त्रियांमध्ये, बारीक अंगाच्या माणसांमध्ये आणि रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांमध्ये धोका जास्त.

लक्षणं दोन्हीकडे तीच: डोकं दुखणं, मळमळ, गळाठा, तोल जाणं. पण पहिल्या वाटेवर मीठ-पाणी द्यायचं असतं आणि दुसऱ्या वाटेवर पाणी तोडायचं असतं. दुसऱ्या वाटेवरच्या माणसाला ‘भरपूर पाणी पी’ सांगितलं तर त्याचं सोडियम आणखी खाली जातं. म्हणून जे कीटोवर आहेत पण कोणतीही गोळी घेत नाहीत, त्यांचे सल्ले जसेच्या तसे उचलू नका. ते त्यांच्यापुरते बरोबर असतात, तुमच्या बाबतीत गोळी मध्ये आहे.

तपासणी करत बसू नये अशी वेळ

बोलण्यात असंबद्धपणा, जागं ठेवायला कठीण जाईल अशी गुंगी, झटके, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं किंवा दम लागणं, थांबत नाहीत अशा उलट्या, अनियमित धडधडीसोबत चक्कर: यांतलं काहीही असेल तर मीठ-लिंबू करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. खूप घाम, ताप, जुलाब आणि हातपाय ताठरून जोरात थरथरणं असं एकत्र आलं, विशेषतः नुकतीच खोकल्याची किंवा ट्रामाडॉलसारखी दुखण्याची गोळी जोडली असेल, तर तीही आणीबाणीच आहे. सोबत आधीच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या.

आणि एक सांगते. गल्लीतल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आहे, एक सलाईन लावा’ असं सांगून तपासणीशिवाय सलाईन लावून घेऊ नका. ग्लुकोजच्या सलाईनने पातळ झालेलं रक्त आणखी पातळ होतं. दुसऱ्या वाटेवरच्या माणसाला साध्या मिठाच्या सलाईननेही कधी कधी सोडियम घसरतं. फार खाली गेलेलं सोडियम वर आणायचंही हळूहळू असतं, चोवीस तासांत आठ-दहा अंकांपेक्षा जास्त नाही. घाईने वर नेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ते काम रुग्णालयाचं आहे.

हे काही नसेल तर खालच्या क्रमाने चला. पहिल्या चार गोष्टींना एक पैसाही लागत नाही.

१. कॅलेंडर आणि गोळ्यांचं पाकीट

वहीत चार तारखा लिहा: कीटो कधी सुरू केलं, गोळी कधी सुरू झाली, डोस शेवटचा कधी बदलला, लक्षणं कोणत्या दिवशी सुरू झाली. यामुळे निम्मं कोडं सुटतं. डोस वाढून दोनच आठवडे झालेत आणि कीटो सहा महिने जुनं आहे, तर संशय गोळीकडे जातो. गोळी तीन वर्षं तीच आहे आणि पोळी सोडून दहा दिवस झालेत, तर आहाराकडे.

मग पाकिटातल्या रिकाम्या खोबणी मोजा. कीटोसोबत बरेच जण सोळा तासांचा उपासही धरतात. सकाळचा नाश्ता जातो आणि नाश्त्यानंतरची गोळीही विसरली जाते. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन शरीरातून लवकर उतरतात. एक-दोन दिवस चुकले तरी चक्कर, मळमळ, डोक्यात क्षणभर शॉक बसल्यासारखं होतं. हे इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे रक्तातल्या सोडियम-पोटॅशियमसारख्या क्षारांचं, दुखणं नाही आणि कितीही मीठ खाल्लं तरी जाणार नाही. गोळीची वेळ कशी बसवायची ते डॉक्टरांना विचारा आणि ती पाळा.

एस्सिटालोप्रॅम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत असलेली जोडगोळी आपल्याकडे खूप चालते. ‘झोपेची गोळी आता नको’ म्हणून ती थांबवली की दोन्ही औषधं एकदम थांबतात. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, इटिझोलाम अचानक बंद केल्याने झटकेसुद्धा येऊ शकतात. आहार कसाही असो, हे स्वतःहून करू नका.

२. घरातल्या बाकी गोळ्या

रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे ‘एच’ असेल तर त्यात बहुधा हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं, म्हणजे लघवीवाटे मीठ काढणारं औषध. क्लोरथॅलिडोन आणि इंडापामाइडही त्याच जातीचे. कीटो, एसएसआरआय आणि ही गोळी अशी तिन्ही एकत्र आली तर सोडियम एकाच वेळी तीन बाजूंनी खाली ओढलं जातं. पासष्टीच्या पुढच्या स्त्रीच्या पाकिटांत हे त्रिकूट दिसलं की मी आहाराचं बोलणं तिथेच थांबवते आणि आधी रक्त तपासायला पाठवते.

टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या रक्तदाबाच्या गोळ्या पोटॅशियम धरून ठेवतात. ते चालू असताना पोटॅशियमची कोणतीही पूड घेऊ नका.

डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर कीटो आजच थांबवून त्या डॉक्टरांना फोन करा. या जोडीने रक्तातली साखर नेहमीइतकी दिसत असतानाही कीटोअॅसिडोसिस होऊ शकतो, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्लधर्मी होतं आणि जिवावर बेततं. साखर ठीक आहे म्हणून माणूस घरीच थांबतो, आणि तेच महागात पडतं.

लिथियम (मनाचे चढउतार आवरणारं औषध) चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय जेवणातलं मीठ कमीही करू नका, वाढवूही नका. शरीरात मीठ कमी पडलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि ते विषारी पातळीला जाऊ शकतं; मीठ एकदम वाढवलं तर पातळी उतरते आणि औषध अपुरं पडतं.

३. बाटली मोजा

लिटरची एक बाटली ठरवा आणि दोन दिवस सगळं पाणी तिच्यातूनच प्या. ‘साधारण पितो’ या शब्दांत दीड लिटरही बसतं आणि पाच लिटरही. तहान लागल्याशिवाय, गजराच्या ठोक्याला पाणी पीत असाल तर ते आधी थांबवा. तहान लागेल तेवढं पाणी बहुतेकांना पुरतं. एप्रिल-मेमध्ये दुचाकीवरून फिरतीचं काम असेल तर घाम जास्त, तहानही जास्त. तिथे पाणी वाढेल, पण घामाबरोबर मीठही गेलेलं असतं हे लक्षात ठेवा.

तोंड कोरडं पडलं म्हणजे पाणीच कमी असं नाही. या गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्या लाळ कमी करतात, आणि कीटोमध्ये तोंडाला चव-वास बदलतो. त्यासाठी चूळ भरा, बडीशेपेचे चार दाणे किंवा लवंग चघळा.

४. आडवं आणि उभं

घरात रक्तदाबाचं यंत्र असेल तर पाच मिनिटं शांत आडवं पडून रक्तदाब आणि नाडी लिहा. उठून उभं राहा. एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा लिहा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर उभं राहिल्यावर रक्तदाब पडतो आहे. अंगातलं मीठ-पाणी कमी झाल्याची ही चांगली खूण आहे, म्हणजे पहिली वाट. आकडे जागेवर असतील, तहान नसेल, लघवी कमी आणि गडद होत असेल आणि तरी डोकं जड, मळमळ असेल, तर दुसऱ्या वाटेचा संशय धरा. तिथे मीठ-पाण्याचा प्रयोग नको, सरळ सातव्या पायरीवर जा. या खुणा दिशा दाखवतात, निदान करत नाहीत.

प्रोप्रानोलॉल घेणाऱ्यांनी इथे जपायचं. अंगातलं पाणी कमी झालं की एरवी नाडी वेगाने धावून आपल्याला इशारा देते. प्रोप्रानोलॉल ती नाडीच दाबून धरतं, त्यामुळे धडधड होत नाही आणि माणूस उठल्याबरोबर थेट कोसळतो. मधुमेहाच्या गोळ्या सोबत असतील तर साखर उतरल्याची धडधडही ते लपवतं. उरतो फक्त घाम. म्हणून अशा माणसाने अचानक घाम फुटला की साखर तपासावी.

५. मीठ कुठून गेलं ते शोधा

‘मी तर पूर्वीइतकंच मीठ खाते’ असं मला जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. पोळी-भात सुटला की त्यांच्यासोबत काय काय जातं ते बघा: लोणचं, पापड, फरसाण, खारी, ब्रेड, बिस्किटं, आमटी, कणकेतलं मीठ. भाजीत चिमूट पूर्वीचीच पडते, पण बाकी सगळीकडचं मीठ गेलेलं असतं. त्यात कुणी अळणी उपास धरतं. म्हणजे लघवीतून जाणारं मीठ वाढलेलं आणि तोंडातून येणारं निम्म्यावर आलेलं.

रक्तदाब, हृदयाचं किंवा मूत्रपिंडाचं दुखणं नसेल, गोळी सुरू होऊन किंवा डोस बदलून महिना उलटला असेल, लघवीची गोळी नसेल आणि चौथ्या पायरीत रक्तदाब उतरताना दिसला असेल, तरच पुढचं करा. दिवसभरात मिळून अर्धा चहाचा चमचा मीठ वाढवा, साधारण अडीच-तीन ग्रॅम. त्यात हजार-बाराशे मिलिग्रॅम सोडियम येतं. एकदम गिळू नका, जुलाब होतील. सकाळी पातळ ताकात, दुपारी सोलकढीत, संध्याकाळी पायाच्या किंवा कोंबडीच्या सुपात असं वाटून घ्या. सोलकढी या बाबतीत मला फार सोयीची वाटते. नारळाचं दूध आणि आमसुलात कर्बोदकं थोडी, मीठ आपल्या हातात, आणि कोकणातल्या माणसाला ती औषध म्हणून प्यावी लागत नाही.

हा उपाय तीन दिवसच करून पाहायचा आहे. मीठच कमी असेल तर अंधारी आणि डोकेदुखी दीड-दोन दिवसांतच हलकी होते. तिसऱ्या दिवशीही फरक नसेल तर मीठ आणखी वाढवू नका, रक्त तपासा. मिठाने मळमळ वाढली किंवा पायांवर सूज दिसली तर त्याच दिवशी थांबा.

सैंधवाबद्दल. ते निसर्गाचं आहे म्हणून त्यातून पोटॅशियम-मॅग्नेशियम भरपूर मिळतं असा समज आहे. सैंधव म्हणजे जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच. बाकीची खनिजं नावापुरती, आणि आयोडीन सहसा घातलेलं नसतं. घरात कायम सैंधवच असेल तर आयोडीनयुक्त मीठ परत आणा. याउलट ‘कमी सोडियम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. टेल्मिसार्टनसारखी गोळी किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांना ते धोक्याचं आहे.

ओआरएसचं काय, असं नेहमी विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे लिटरभर ओआरएसमध्ये १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. जुलाब झाले असतील तर कीटोचा विचार न करता तेच घ्या. ग्लुकोजमुळेच आतडं सोडियम आत घेतं. रोज प्यायचं पेय म्हणून मात्र ते नाही. आणि फळाच्या चवीच्या गोड खोक्यांना ओआरएस समजू नका. सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली.

६. कॉफी, काढा, पोट आणि भाजी

कीटोवाल्यांची लोणी घातलेली कॉफी दिवसातून तीनदा होत असेल तर धडधड तिचीही असू शकते. फ्लुव्हॉक्सामिन (हीही एक एसएसआरआय) घेणाऱ्यांच्या शरीरात तर कॉफीतलं कॅफिन कितीतरी जास्त वेळ टिकतं. आधी एका कपावर या, तोही सकाळी. एकदम बंद केलीत तर दोन दिवस डोकं दुखेल आणि सगळा हिशेब बिघडेल.

घशासाठी रोज ज्येष्ठमधाचा काढा घेत असाल तर तो थांबवा. ज्येष्ठमध नियमित आणि जास्त घेतल्याने शरीरातलं पोटॅशियम जातं आणि रक्तदाब वाढतो. एका शिक्षिकेची धडधड मी दोन महिने मिठात शोधत होते. तिच्या पर्समध्ये ज्येष्ठमधाच्या कांड्या होत्या, वर्गात बोलून घसा बसतो म्हणून दिवसभर चघळायच्या. तेव्हापासून हा प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारते. पोट साफ होत नाही म्हणून रात्री सोनामुखी असलेली चूर्णं घेणारेही खूप आहेत. रोजच्या जुलाबांतून पोटॅशियम जातं. त्याऐवजी पालेभाजी, चिया किंवा जवस वाढवा. इसबगोल घेणार असाल तर पुरेशा पाण्यासोबतच.

पोटॅशियम अन्नातूनच घ्या. दिवसाची गरज साधारण ३,५०० मिलिग्रॅम. १०० ग्रॅम कच्च्या पालकात पाचशेच्या वर मिळतं. पण पालक उकडून पाणी फेकलं तर बरंचसं त्या पाण्यासोबत जातं, म्हणून भाजी आपल्याच रसात शिजवा. अंबाडी, चाकवत, माठ, मशरूम, मासे, अॅव्होकाडो हे सगळं कीटोत बसतं. शहाळ्यात पोटॅशियम चांगलं, पण पेलाभर पाण्यात नऊ-दहा ग्रॅम कर्बोदकं येतात. उन्हातून आल्यावर अर्धं शहाळं घेतलंत तर काही बिघडत नाही. पोटॅशियमची गोळी किंवा पूड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कधीच नको. जास्त झालेलं पोटॅशियम फारशी सूचना न देता हृदयाचे ठोके बिघडवतं.

मॅग्नेशियमही आधी ताटातून: भोपळ्याच्या बिया, तीळ, बदाम, पालेभाज्या. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम भोपळ्याच्या बियांत दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. मॅग्नेशियम कमी असेल तर मूत्रपिंड पोटॅशियम धरू शकत नाही, म्हणून पोटरीतले गोळे नुसत्या पोटॅशियमने हटत नाहीत. गोळी घ्यायचीच झाली तर ऑक्साइडने जुलाब होतात आणि जुलाबांतून पोटॅशियम जातं. ग्लायसिनेट पोटाला सोसतं. मूत्रपिंड ठीक आहे हे कळल्याशिवाय तीही नको. थायरॉईडची गोळी आणि मॅग्नेशियम यांत चार तासांचं अंतर ठेवा.

७. रक्ताची तपासणी

मला विचाराल तर एसएसआरआय घेणाऱ्याने कीटो सुरू करण्याआधी एकदा आणि सुरू केल्यावर दोन आठवड्यांनी एकदा ही करावीच. सिरम इलेक्ट्रोलाइट्स, क्रिएटिनिन आणि मॅग्नेशियम एवढं सांगा. मॅग्नेशियम वेगळं सांगावं लागतं, नाहीतर करत नाहीत. धडधड हीच मुख्य तक्रार असेल तर सोबत टीएसएच (थायरॉईडची तपासणी) आणि हिमोग्लोबिन. कीटोनची लघवीतली पट्टी यातलं काहीच सांगत नाही.

रक्त देताना मूठ पुन्हा पुन्हा आवळू-उघडू नका. त्याने पोटॅशियम खोटं वाढलेलं दिसतं. अहवालावर ‘हिमोलाइज्ड’ (नमुन्यातल्या रक्तपेशी फुटल्या) असा शेरा असेल तर पोटॅशियमचा आकडा सोडून द्या आणि नमुना परत द्या.

सोडियम १३५ ते १४५ आणि पोटॅशियम ३.५ ते ५ हे नेहमीचे आकडे. सोडियम १३५ च्या खाली असेल तर ज्यांनी गोळी दिली त्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा, बरं वाटत असलं तरी. १३० च्या खाली असेल तर रुग्णालयात जा. पोटॅशियम ३ च्या खाली किंवा ५.५ च्या वर गेलं तरी तसंच. मॅग्नेशियमचा आकडा ठीक आला म्हणजे साठा ठीक आहे असं नाही; शरीरातल्या मॅग्नेशियमपैकी एक टक्काही रक्तात नसतं.

सगळं नेहमीच्या आकड्यांत असेल तर तीही मोलाची बातमी आहे. मग धडधड खरोखर चिंतेची असू शकते, आणि तिचा इलाज मिठात शोधत वेळ घालवायचा नाही.

८. ईसीजी

एस्सिटालोप्रॅम आणि हायड्रॉक्सिझिन (चिंतेसाठी किंवा खाजेसाठी दिली जाणारी गोळी) हृदयाच्या ठोक्यातला क्यूटी हा टप्पा लांबवू शकतात. एस्सिटालोप्रॅममध्ये डोस जितका जास्त तितकं जास्त. पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी असताना हाच टप्पा आणखी लांबतो आणि ठोके धोकादायक रीतीने बिघडू शकतात. म्हणून यांपैकी गोळी आणि ठोका चुकल्याची भावना अशी जोडी असेल, किंवा घरात कुणाला कमी वयात अचानक मृत्यू आला असेल, तर ईसीजी काढून फिजिशियनला दाखवा. अहवाल स्वतः वाचू नका. इथून पुढे माझंही काम नाही.

परत परत का होतं

शीर्षकातला मंगळवार एका बँकेतल्या गृहस्थांच्या वहीतला आहे. दर आठवड्याला तीच तक्रार, तपासलं की सगळं ठीक. तारखा लिहिल्यावर दिसलं की रविवारी आईकडे जेवण, वरण-भात, पुरी, श्रीखंड. सोमवारपासून पुन्हा कडक कीटो. रविवारी ग्लायकोजेन भरतं, इन्सुलिन मीठ-पाणी धरून ठेवतं. सोमवार-मंगळवारी ते सगळं एका झटक्यात जातं. म्हणजे इतरांना एकदा होणारा पहिल्या आठवड्याचा त्रास हे गृहस्थ वर्षातून पन्नास वेळा सोसत होते, आणि प्रत्येक वेळी मनाला वाटत होतं की चिंतेचा झटका आला. त्यांच्यासाठी मी मीठ वाढवलं नाही. रोज ८० ते १०० ग्रॅम कर्बोदकं बसवली, एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर डाळ परत आणली, रविवार तसाच ठेवला. वजन सावकाश उतरलं. मंगळवार गेला.

माझ्या अनुभवात हा उपाय सगळ्यात जास्त लागू पडतो आणि सगळ्यात उशिरा सुचतो. गोळी आणि आहार यांची ओढाताण होत असेल तर आधी आहार सैल करा. गोळी तुमच्या डॉक्टरांनी विचार करून बसवलेली आहे. ती हलवायची की नाही हे तेच ठरवतील. फार कडक कीटो हा मुळात अपस्माराच्या रुग्णांसाठी १९२१ पासून वापरात आलेला आहार आहे, आणि तिथे आजही तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली, रक्त तपासत दिला जातो. गरोदर किंवा अंगावर पाजणारी स्त्री, मूत्रपिंडाचा रुग्ण, इन्सुलिनवरचा मधुमेही, आणि पूर्वी खाण्याच्या विकारातून गेलेलं माणूस यांना मी कीटो देत नाही.

या सगळ्यात मन फार खचलं, जगणं नको वाटू लागलं, तर अहवालाची वाट पाहू नका. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतून बोलता येतं.

डॉक्टरांकडे जाताना एका कागदावर एवढं लिहून न्या: कीटो सुरू केल्याची तारीख, दिवसाला अंदाजे किती कर्बोदकं, प्रत्येक गोळीचं नाव, डोस आणि ती सुरू झाल्याची किंवा बदलल्याची तारीख, चुकलेल्या गोळ्या, दोन दिवसांचं मोजलेलं पाणी, आडवं-उभं घेतलेले रक्तदाबाचे आकडे, वाढवलेलं मीठ, काढे-चूर्णं-पावडरी सगळ्या, आणि लक्षणांचे वार. कीटो करतोय म्हटलं तर डॉक्टर ओरडतील म्हणून पुष्कळ जण नेमकी हीच गोष्ट सांगत नाहीत. ती पहिल्या ओळीत लिहा.